काटकसरीच्या वहीतला रिकामा रकाना: एक प्रकरण अभ्यास

थोरली पाच वर्षांची, मधला पावणेतीन वर्षांचा, धाकटी पाच महिन्यांची. घरात मिळवते एकटे वडील. थोरलीच्या जन्मानंतर आईने नोकरी सोडली आणि तेव्हाच दोघांनी मिळून ठरवलं की मुलं साधेपणाने वाढवायची. कापडी बाळोती, अंगावरचं दूध, मोठ्याचे कपडे धाकट्याला, खेळणी शक्यतो घरातल्याच वस्तूंची, किरकोळ दुखण्याला घरचे उपाय, आणि रात्री सगळे एकाच अंथरुणावर. थोरलीच्या वेळी हे सहज जमलं. मधल्याच्या वेळी ओढूनताणून जमलं. धाकटी झाल्यावर मात्र घडी विस्कटली.

आई माझ्याकडे आली ती एकच तक्रार घेऊन: धाकटीचं लंगोटाच्या जागेचं पुरळ काही केल्या जात नाही. बोलता बोलता बाकीचंही बाहेर आलं. धाकटीचं वजन पूर्वीसारखं वाढत नव्हतं. शी-शू सांगायला लागलेला मधला पुन्हा कपड्यांतच करू लागला होता आणि संधी मिळाली की धाकटीला चावत होता. थोरली गप्प गप्प असायची. नवऱ्याचं म्हणणं होतं, "हे सगळं बंद कर, डायपर आणू, वरचं दूध सुरू करू, तू मोकळी हो." तिला वाटत होतं की असं केलं तर पाच वर्षं जे मनापासून मानलं ते सगळं फुकट गेलं. शेवटी ती म्हणाली, "ताई, मला एवढंच सांगा, हे सोडू की धरून ठेवू?"

मी पालकांशी बोलण्याचं काम करते, डॉक्टर नाही. त्यामुळे पुरळ आणि वजन यांसाठी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. सोडू की धरू, याचं उत्तर मात्र मी तेव्हा दिलं नाही, कारण प्रश्नच चुकीच्या जागी उभा होता असं मला वाटत होतं. तिने सात-आठ निर्णयांची एक मोळी बांधली होती आणि ती मोळी एक तर पूर्ण उचलायची नाही तर पूर्ण टाकायची, एवढाच पर्याय तिला दिसत होता. मला ती मोळी सोडवून एकेक काडी बघायची होती.

वही

पुढच्या वेळी ती एक वही घेऊन आली. थोरलीच्या वेळेपासून ती या वहीत वाचवलेल्या पैशांची नोंद ठेवत होती. डावीकडे वस्तू, उजवीकडे ती विकत न घेतल्याने वाचलेली रक्कम. अक्षर सुरेख, बेरजा चोख, दर महिन्याच्या शेवटी खाली दुहेरी रेघ. तिला त्या वहीचा अभिमान होता आणि तो रास्तच होता. एका पगारात तीन मुलं वाढवताना घरावर कर्ज नव्हतं, यात त्या वहीचा मोठा वाटा होता.

मी तिला त्याच पानांवर आणखी दोन रकाने आखायला सांगितले. एक, या गोष्टीला रोज किती वेळ जातो आणि तो कोणाचा जातो. दोन, यात काही धोका असेल तर तो कोणाला. हे तिने घरी आठवडाभर लिहिलं.

वही परत आली तेव्हा वेळेच्या रकान्यात पानामागून पान एकच अक्षर होतं, "मी". नुसतं बाळोती भिजवणं, धुणं, पिळणं, वाळत घालणं आणि घड्या घालणं यातच रोजचे जवळपास अडीच तास जात होते. त्यातला बराचसा भाग रात्री मुलं झोपल्यावर, म्हणजे तिच्या झोपेच्या वेळेतून. धाकटी रात्रीतून तीन-चार वेळा उठायची ते वेगळंच. सलग तीन तासांची झोप तिला किती आठवड्यांत मिळाली नव्हती, हे तिचं तिलाही सांगता येईना.

या प्रकरणाचं मर्म मला या रकान्यात दिसतं. काटकसर म्हणजे खर्च नाहीसा होणं, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा खर्च नाहीसा होत नाही, तो पैशाच्या खात्यातून निघून कोणाच्या तरी शरीराच्या खात्यात जाऊन बसतो, आणि त्या खात्याची वही कोणी लिहीत नाही. एक मूल असताना हा बोजा पेलतो. तीन लहान मुलं एकाच वेळी हातात असली की तीच सवय तिपटीने महाग पडते. म्हणून काटकसर चुकीची ठरत नाही. फक्त हिशेब पूर्ण मांडला पाहिजे.

बाळोती

कापडी बाळोत्यांवर माझी श्रद्धा आहे, हे आधीच सांगते. नीट वापरली तर ती स्वस्तात पडतात, एका मुलानंतर दुसऱ्याला येतात आणि कचऱ्याचा डोंगर टळतो. पण 'नीट' या शब्दात बरंच काही येतं. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २००८ साली एक तुलना प्रसिद्ध केली होती. एका बाळाला अडीच वर्षं वापराव्या लागणाऱ्या डायपरांचा कार्बन भार, म्हणजे त्यांच्यापायी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं वजन, त्यांनी काढला. टाकाऊ डायपरांचा सुमारे ५५० किलो आला आणि कापडी बाळोत्यांचा सरासरी वापर धरून सुमारे ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखाच. मात्र मशीन पूर्ण भरून धुतलं, ड्रायर न वापरता दोरीवर वाळवलं आणि तीच बाळोती दुसऱ्या मुलालाही वापरली, तर कापडी बाळोत्यांचा भार सुमारे २०० किलोने खाली येत होता. २०२३ मधल्या नव्या ब्रिटिश अभ्यासात तर कापडी पर्याय सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरला. यातून मला कळतं ते एवढंच की फायदा नुसत्या कापडात नसतो, ते कसं धुतलं आणि कितींदा वापरलं यात असतो. या घरात तिसरं मूल तीच बाळोती वापरत होतं आणि वाळवण उन्हातच होतं. पर्यावरणाच्या बाजूने त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

चुकत होतं ते धुण्यात. डॉक्टरांनी पुरळ बघून बुरशीचा संसर्ग सांगितला. लालबुंद डाग, कडेने सुटे सुटे ठिपके आणि जांघेच्या वळ्यांत शिरलेलं पुरळ, अशी खूण असली की संशय बुरशीवर जातो. त्याला बुरशीचं मलम लागतं. नुसतं तेल चोळून ते जात नाही, आणि दोन महिने ती तेलच चोळत होती. मलमाने पुरळ आटोक्यात आलं. ते परत येऊ नये यासाठी बाकीच्या गोष्टी पाहायला हव्या होत्या.

बाळोती मऊ राहावीत म्हणून ती शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं द्रव्य टाकत होती. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड ओल शोषेनासं होतं, मग ती ओल त्वचेवरच राहते. शिवाय हाताने धुताना पाणी वाचवायचं म्हणून एकच खळबळणं होत होतं, त्यामुळे साबण पूर्ण निघत नव्हता. आणि पाणी गारच असायचं. आम्ही ठरवलं ते साधंच होतं. मऊ करणारं द्रव्य बंद, साबण मोजून कमी, खळबळणं दोनदा, आणि बाळोत्यांची एक खेप मशीनमध्ये ६० अंशांवर. घरात मशीन होतं. वीज वाचावी म्हणून ती बाळोती हाताने धुत होती! विजेच्या ज्या बचतीची वहीत नोंद होती ती इतकी लहान होती की तिच्यासाठी रात्रीची तासभर झोप गमावणं कोणत्याही हिशेबात बसत नव्हतं.

रात्रीचं काय करायचं, यावर मात्र वाद झाला. ओलं कापड सहा-सात तास त्वचेला लागून राहिलं की पुरळाला आमंत्रणच, आणि बदलायला उठायचं तर तिची आणि बाळाचीही झोप मोडते. मी सुचवलं की रात्री एक टाकाऊ डायपर वापरावा, दिवसा कापड. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी सोडायचंच ना?" मी तिला वहीतल्या बेरजेकडेच बोट दाखवलं. दिवसभरातली आठ-नऊ बाळोती कापडी आणि रात्रीचा एक डायपर, यात तिची जवळजवळ सगळी बचत शाबूत राहत होती. तिने ते मान्य केलं, पण मनापासून नव्हे. मला ते चाललं. पटायला वेळ लागतोच.

मधला

पुरळाइतकंच लक्ष मी मधल्याकडे दिलं, आणि त्याच्यासाठी एकदा घरी जाऊन बसले. तिथे जे दिसलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आईने धाकटीला सतरंजीवर घेतलं, बाळोतं सोडलं. मधला कोपऱ्यात डब्यांची झाकणं लावत बसला होता. बाळोतं सुटल्याबरोबर तो उठला, येऊन धाकटीच्या शेजारी उताणा पडला, सदरा छातीपर्यंत वर केला आणि पाय हवेत धरून म्हणाला, "आता मला." आई घाईत होती, कारण थोरलीला कोणीतरी दार उघडून द्यायचं होतं. "ऊठ रे, तू मोठा ना आता?" ती म्हणाली. तो उठला नाही. तिने धाकटीला उचलून कडेवर घेतलं तेव्हा त्याने धाकटीच्या लोंबत्या पायाला तोंड लावलं आणि चावला.

त्याच्या चावण्याचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही. त्या घरात आईचे दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि शांत आवाज हे तिन्ही एकाच वेळी एकाच ठिकाणी मिळत होते: बाळोतं बदलण्याच्या सतरंजीवर. पावणेतीन वर्षांच्या मुलाने ते बरोबर हेरलं होतं. पुन्हा कपड्यांत करायला लागणं ही त्या सतरंजीवर परत जाण्याची त्याची वाट होती.

इथे मला हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांच्या कामाचा उपयोग झाला. त्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला लोत्सी नावाच्या रस्त्यावर अनाथ बाळांसाठी एक बालगृह सुरू केलं. एका दाईकडे अनेक मुलं, म्हणजे प्रत्येक बाळाला दिवसभर जवळ घेणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी वेगळाच मार्ग काढला. आंघोळ, कपडे बदलणं, भरवणं या गोष्टी एरवीही कराव्याच लागतात. त्या वेळी दाईने फक्त त्या एका मुलाकडे पाहायचं, आपण काय करतोय ते त्याला सांगायचं, त्याच्या प्रतिसादाची वाट बघायची, घाई करायची नाही. त्यातून मूल तृप्त झालं की उरलेल्या वेळात ते आपल्या आपण, मोकळ्या जमिनीवर खेळतं. तीन लहान मुलांच्या आईसाठी याहून उपयोगी विचार मला माहीत नाही. यात एक पैही जास्त लागत नाही आणि वेळही नवा काढावा लागत नाही.

आम्ही मधल्यासाठी अशी एक जागा शोधली. त्याची आंघोळ. आत्तापर्यंत थोरली आणि तो एकत्र उरकले जायचे, कारण पाणी आणि वेळ दोन्ही वाचायचं. आता त्याची आंघोळ एकट्याची, संध्याकाळी, वडील घरी आल्यावर आणि धाकटी त्यांच्या अंगावर असताना. आईने मुद्दाम काही करायचं नाही. फक्त हात हळू चालवायचा, कान कुठला आधी धुवायचा हे त्याला विचारायचं, आणि दार लावून घ्यायचं. जास्तीचं बादलीभर पाणी लागलं, ते तिने वहीत लिहिलं. सतरंजीवर तो आडवा पडला तर त्याला उठ म्हणायचं नाही. बाळोत्याची घडी त्याच्या हातात द्यायची आणि काम संपेपर्यंत धरायला सांगायचं.

चावणं आधी कमी झालं, मग थांबलं. कपड्यांत करणं मात्र बराच काळ चालू राहिलं. त्यावर काहीही न बोलता कपडे बदलायचे, एवढंच ठरलं होतं आणि दोघांनी ते पाळलं.

निसर्गाच्या नावाने

या मोळीतल्या काही काड्या वेळेच्या रकान्यात हलक्या होत्या, पण धोक्याच्या रकान्यात जड. त्यांच्याबाबतीत मी ठाम होते, आणि पुन्हा असं घर समोर आलं तर पुन्हा ठाम राहीन.

पहिली, झोपण्याची व्यवस्था. एकाच अंथरुणावर क्रम असा होता: वडील, थोरली, मधला, धाकटी, आई. पाच महिन्यांच्या बाळाशेजारी झोपेत लोळणारा पावणेतीन वर्षांचा भाऊ आणि सगळ्यांवर एक मोठं जाड पांघरूण. आईच्या जवळ झोपणं बाळाला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सोयीचंच असतं. पण बाळाला उताणं निजवायचं, अंथरूण सपाट आणि घट्ट असायचं, तोंडाजवळ उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण काही नको, आणि शेजारी दुसरं लहान मूल तर नकोच. आईच्या हाताच्या अंतरावर बाळाची स्वतंत्र जागा ही सर्वांत सुरक्षित. आणखी एक गोष्ट इथे बोलायला हवी, कारण ती थकलेल्या आयांच्या हातून सहज घडते: पाजता पाजता सोफ्यावर डोळा लागणं. सोफा किंवा आरामखुर्ची हे बाळासोबत झोपण्याचं सर्वांत धोक्याचं ठिकाण आहे. नात्यातून एक जुना पाळणावजा पलंग मिळत होता. तो घ्यायला मी हरकत घेतली नाही, पण आधी गज मोजायला लावले. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. या पलंगाचं अंतर ठीक होतं, पण एक बाजू खाली सरकणारी होती. अशा सरकत्या बाजूच्या पलंगांत बाळं अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून ते विकायला बंदी आहे. तो पलंग घेतला नाही. वडिलांनी आईच्या बाजूला जमिनीवर धाकटीची घट्ट गादी वेगळी केली आणि मोठी दोघं त्यांच्या पलीकडे गेली. खर्च शून्य.

दुसरी, जीवनसत्त्व ड. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, तिने ते आणलेच नव्हते. "अंगावरचं दूध पूर्णान्न आहे असं सगळेच म्हणतात, मग वरून बाटली कशाला?" तिचा प्रश्न मला प्रामाणिक वाटला. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण ड जीवनसत्त्व दुधातून फारच थोडं येतं, कारण माणसाचं शरीर ते मुख्यतः उन्हात, त्वचेवर तयार करतं. घरात, कपड्यांत वाढणाऱ्या बाळाला ते ऊन मिळत नाही आणि कोवळ्या त्वचेला थेट उन्हात ठेवणंही बरं नव्हे. म्हणून निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांना ते रोज ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) दिलं जातं. लोहाचंही असंच. जन्मासोबत आणलेला साठा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान उतरू लागतो. त्यासाठी तिला डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. सहाव्या महिन्यानंतर घरातलंच अन्न मऊ कुस्करून, लोह असलेल्या पदार्थांपासून सुरुवात करून देता येतं. डबाबंद बालआहाराची गरज नव्हती, आणि हे ऐकून तिला बरं वाटलं.

वजनाचं कारण डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नव्हता. दिवसा पाजणं सतत मोडत होतं. मधल्याच्या चावण्यामुळे ती धाकटीला घेऊन उठायची, एका बाजूचं दूध पुरतं संपायच्या आत बाळ बाजूला व्हायचं. दिवसातून दोनदा दार लावून निवांत पाजायचं ठरलं. त्या वेळी मोठ्या दोघांजवळ तिच्या सासूबाई बसू लागल्या. वरच्या दुधाची गरज पडली नाही. पडली असती तर मी त्याला अपयश मानलं नसतं, फक्त एक गोष्ट बजावली असती: पावडर पुरवून वापरण्यासाठी पाणी कधीही वाढवायचं नाही. पातळ दुधाने बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं.

तिसरी, लसी. मधल्याच्या लसी दीड वर्षांनंतर थांबल्या होत्या. विरोध म्हणून नव्हे. तिने वाचलं होतं की शरीराला आपली ताकद आपण कमवू द्यावी, आणि मग गरोदरपणात ते मागे पडत गेलं. या मुद्द्यावर मी तिला काही मध्यममार्ग सुचवला नाही. गोवराची लस धाकटीला अजून मिळण्याच्या वयातच नव्हती. ती देशोदेशी नऊ किंवा बारा महिन्यांच्या सुमारास सुरू होते. तोवर तिच्यापुढची भिंत म्हणजे घरातली मोठी मुलं. डांग्या खोकल्याचंही तेच. तान्ह्या बाळाला तो जिवावर बेततो, आणि तो बाळापर्यंत बहुतेकदा घरच्यांकडून पोचतो, त्यातही मोठ्या भावंडांकडून. "मधल्याचा निर्णय तुम्ही मधल्यासाठी घेतलात, पण धोका धाकटीच्या नावावर आहे," असं मी तिला म्हटलं आणि वहीतला धोक्याचा रकाना पुढे केला. सरकारी व्यवस्थेत या लसी बहुतेक ठिकाणी मोफत असतात. त्याच आठवड्यात वडील मधल्याला घेऊन गेले.

घरचे उपाय आम्ही एकेक करून चाळले. खोकल्याला मध मोठ्या दोघांना चालेल, धाकटीला थेंबभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. मध शुद्ध असो, घरचा असो, त्याने फरक पडत नाही. दात येताना गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळा काढून ठेवल्या. गळा आवळण्याचा आणि मणी घशात जाण्याचा धोका खरा आहे. उरलेले बहुतेक उपाय निरुपद्रवी होते, त्यांना मी हात लावला नाही.

आणि हे सांगितलंच पाहिजे की स्वस्त, साधं आणि शास्त्रशुद्ध या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा त्यासारखं दुसरं काही नसतं. कोलंबियातल्या बोगोतामध्ये १९७८ साली इनक्युबेटर कमी पडत होते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीला बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी तीच पद्धत जन्मापासून सुचवते. जुलाबात एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे मिश्रण जीव वाचवतं. चमचे चहाचे, आणि मीठ चुकूनही जास्त नको. १९८६ मध्ये माँट्रियलला झालेल्या एका अभ्यासात बाळांना दिवसा जास्त वेळ अंगावर वागवलं तेव्हा सहाव्या आठवड्यात त्यांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी आढळलं. ही आई धाकटीला झोळीत बांधून वागवत होतीच. मी फक्त बांधणी बघितली. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर टेकलेली नको, आणि उंची अशी की वाकून कपाळाचा मुका घेता यावा. वडिलांनाही बांधायला शिकवलं.

अंतराचा प्रश्न

एक विषय तिने स्वतः काढला नाही, मीच विचारला. मधला दीड वर्षाचा झाल्यावर लगेच धाकटी राहिली होती. ती म्हणाली, "अंगावर पाजत होते, म्हणून वाटलं काही होणार नाही."

पाजण्यामुळे गर्भधारणा लांबते हे खरं आहे, आणि या पद्धतीवर १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओला तज्ज्ञांचं एकमतही झालं. पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, पाळी सुरू झालेली नसावी, आणि रात्रंदिवस, फार मोठा खंड न पडता, निव्वळ अंगावरच दूध असावं. तिन्ही असतील तर ९८ टक्क्यांहून जास्त खात्री. एक जरी अट सुटली की दुसरा उपाय हवा. दीड वर्षाच्या मुलाला पाजताना यातली पहिलीच अट कधीची संपलेली होती. आता धाकटीचा सहावा महिना तोंडावर आला होता. एका प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा होईपर्यंत निदान २४ महिने जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संभाषणात मी वडिलांनाही बसवलं. गर्भनिरोधनाचा निर्णय त्यांचा त्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यायचा होता, पण तो पुढच्या महिन्यावर ढकलायचा नव्हता. साधेपणाने मुलं वाढवण्याच्या चर्चेत हा विषय क्वचितच निघतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा.

थोरलीच्या चपला

थोरली गप्प का, हे कळायला उशीर लागला. ती घरात मदत करायची, दुपटं आणून द्यायची, धाकटीला खेळवायची. सगळे तिचं कौतुक करत. एकदा आईने तिचे पाय धुताना पाहिलं, तर अंगठ्याची कड लाल होऊन सोललेली. चपला लहान होऊन बरेच दिवस झाले होते. "सांगितलं का नाहीस गं?" तर म्हणाली, "नव्या आणाव्या लागतील ना."

आई हे सांगताना रडली. घरात "परवडत नाही" हे शब्द दिवसातून कितीदा उच्चारले जात होते हे तिने कधी मोजलं नव्हतं. मोठ्यांसाठी तो एका निवडीचा भाग होता. पाच वर्षांच्या मुलीने मात्र त्यातून घर संकटात आहे असं ऐकलं, आणि आपल्या परीने हातभार लावला. जुने कपडे, मोजकी खेळणी यांनी मुलांचं काही बिघडत नाही. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात लहान मुलांसमोर सोळाऐवजी चारच खेळणी ठेवली, तेव्हा ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मुलांना पोखरते ती वस्तूंची कमतरता नव्हे, मागितलं तर घरावर भार पडेल ही भीती.

दोन गोष्टी ठरल्या. मुलांसमोर "परवडत नाही" ऐवजी जे खरं आहे तेच बोलायचं: "याला आपण पैसे घालणार नाही, त्याला घालणार आहोत." आणि पायात घालायचं, औषध, चष्मा, दात अशा गोष्टी काटकसरीच्या वहीबाहेर. त्यांची नोंदच करायची नाही. नव्या चपला थोरलीने स्वतः निवडल्या. धाकटीला सांभाळण्याची जबाबदारीही तिच्याकडून काढली. मदत करावीशी वाटली तर करावी, पण बाळाकडे लक्ष ठेवणं हे पाच वर्षांच्या मुलीचं काम नव्हे.

सध्या

बाळोती आता वडील धुतात. मशीन रात्री ते लावतात आणि सकाळी कामावर जाण्याआधी दोरीवर घालतात. सुरुवातीला घड्या कशाही पडायच्या आणि आई त्या पुन्हा घालायची. तेवढं सोडून द्यायला तिला जड गेलं. आता ती सोडते. आठवड्यातल्या दोन रात्री पहाटेपर्यंत धाकटीला उचलून आणण्याचं आणि परत निजवण्याचं काम वडिलांचं. आई फक्त पाजते. तिला एका वेळी चार तास झोप मिळू लागली आहे.

धाकटीचं वजन आलेखावर पुन्हा आपल्या रेषेला लागलं आहे. थेंब रोज दिले जातात. पुरळ एकदा परत आलं, दोन दिवस मलम लावल्यावर उतरलं. रात्रीचा डायपर चालू आहे, आणि आई अजूनही म्हणते की उन्हाळ्यात तो बंद करून बघणार. बघू दे. त्वचा कशी राहते त्यावर ठरेल. मधल्याची एक लस बाकी आहे, ती पुढच्या महिन्यात. गर्भनिरोधनाबाबत दोघं डॉक्टरांना भेटून आले आणि निर्णय झाला.

वही चालू आहे. आता तिच्यात चार रकाने आहेत आणि वेळेच्या रकान्यात "मी" सोबत "हे" आणि "सासूबाई" असंही लिहिलेलं असतं. सासूबाईंना दर दुपारी बसायला सांगणं योग्य आहे का, त्यांच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न तिने मागच्या भेटीत काढला. त्यावर पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या, असं मी सांगितलं आहे.